वाळवंटातील घर आणि पहिले सात दिवस



घर कशाकशाचे बांधतात, असा प्रश्न एखाद्या गवंड्याला विचारला, तर तो सिमेंट, खडी, वाळू आणि सळई अशी चार नावे सांगेल. पाचवे नाव तो सहसा घेत नाही, कारण ती वस्तू फुकटची आहे असे आपण सगळेच समजत आलो. ती वस्तू म्हणजे पाणी. ज्या मुलखात पाणी फुकट मिळत नाही आणि वरून आग ओतणारे ऊन आहे, तेथे काँक्रीटच्या घराचे काय होते, याचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तो मुलूख म्हणजे कुवेत, बहरीन, कतार, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा, अमिराती आणि ओमान यांचा मिळून झालेला आखाताचा पट्टा. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या हजारो माणसांच्या हातांची मेहनत त्या काँक्रीटमध्ये गेली आहे, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

मी इंजिनियर नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात व बांधकाम मजुरांच्या संगतीत झाले. त्यामुळे या विषयाकडे मी दोन बाजूंनी पाहतो: काँक्रीट कशामुळे टिकते, आणि ते टिकवणारा माणूस कसा टिकतो. या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या पुस्तकांत सापडतात. ती एकाच ठिकाणी ठेवून वाचली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम काँक्रीटच्या आधीचे घर पाहू. गरिबाचे घर खजुरीच्या झावळ्यांचे असे. त्याला तिकडे ‘बरस्ती’ म्हणतात. ज्याच्या गाठीला पैसा होता तो समुद्रातून काढलेला पोवळ्याचा दगड आणि जिप्समचा गिलावा वापरी. छताला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी आणलेले तिवराचे वासे घालीत. त्या वाशांची लांबी बेताचीच, म्हणून खोलीची रुंदीही साधारण तीन मीटरच्या आसपास थांबे. घराची मापे शिल्पकाराने नव्हे, तर आफ्रिकेतल्या एका झाडाने ठरवावीत, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. दारांसाठी सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. दुबईत इराणच्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वारा खाली ओढून घेणारे मनोरे घरांवर बांधले, ते आजही पाहावयास मिळतात. ओमानात तर पाणी न झिरपणारा एक उत्तम गिलावा होता, त्याचे नाव सारूज. चिकणमाती खजुरीच्या ओंडक्यांबरोबर रचून भाजायची, कुटायची आणि चुन्यात मिसळायची. किल्ल्यांना, हौदांना आणि पाण्याच्या पाटांना हाच गिलावा होता. आपल्याकडचे सुरखी-चुन्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नाते ताबडतोब ओळखू येईल.

आता येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. पोवळ्याच्या दगडात मीठ ठासून भरलेले असते. भिंत खारट, जमीन खारट, वाराही खारट. तरी ती घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदती राहिली. याचे कारण असे की त्या भिंतींच्या पोटात लोखंड नव्हते. मिठाने गिलाव्याचे पापुद्रे सुटत, मग दर काही वर्षांनी घरधनी नवा गिलावा करी. दुखणे वरच्या वर होते आणि औषधही वरच्या वर होते.

मग तेल सापडले. बहरीनमध्ये १९३२ साली, कुवेत आणि सौदी अरेबियात १९३८ साली. कुवेतचे तेल १९४६ पासून जहाजांनी बाहेर जाऊ लागले. अबू धाबीचे १९६२ पासून, ओमानचे १९६७ पासून. त्या काळात, म्हणजे साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत, यांतील अनेक मुलखांत व्यवहार रुपयांत चालत असे. पैसा आला तशी नव्या घरांची मागणी आली. कुवेतने इंग्रज नगररचनाकारांकडून १९५२ साली शहराचा नवा आराखडा करून घेतला आणि १९५७ साली जुन्या शहराचा तट पाडला. तटाबाहेर नवी वसाहत उभी राहिली, ती काँक्रीटची. खोलीची रुंदी आता तिवराच्या वाशावर अवलंबून राहिली नाही. गच्ची सपाट झाली, सज्जे पुढे आले, खिडक्या रुंद झाल्या. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अस्पडिनने पेटंट घेतलेले पोर्टलंड सिमेंट आणि १८६७ साली फ्रान्समध्ये जोसेफ मोनिएने पेटंट घेतलेली लोखंड घातलेल्या काँक्रीटची युक्ती, यांची जोडी वाळवंटात पोहोचली. ती थंड व ओलसर हवेच्या देशांत वाढलेली जोडी होती. तिचे नियम तिकडचे, तिची मापे तिकडची.

आणि पाणी? कुवेत शहराला पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीवरून होड्यांत भरून आणावे लागे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना तेथे १९५३ साली सुरू झाला. जेथे प्यायला पाणी होडीने येते, तेथे स्लॅबवर मारायला गोडे पाणी कोण देणार? विहिरीचे मचूळ पाणी कामावर आले. ते मिश्रणात गेले आणि वरून शिंपडण्यातही गेले. आखाताच्या समुद्रात दर लिटरला ४० ग्रॅमहून अधिक क्षार असतात. किनाऱ्यावरची वाळू खारट, खडीत मीठ आणि जिप्समची धूळ, आणि खाली ‘सबखा’ नावाची खारी सपाट जमीन, जिच्यात हातभर खणले की अनेक ठिकाणी समुद्राहूनही खारे पाणी लागते. म्हणजे घर बांधण्याच्या पाच वस्तूंपैकी तीन वस्तू मीठ घेऊनच कामावर येत होत्या.

मीठ लोखंडाचे काय करते, हे थोडे समजून घेऊ. ओले सिमेंट अल्कधर्मी असते. त्या अल्कामुळे सळईच्या अंगावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारे कवच तयार होते आणि ते आहे तोवर सळईला गंज चढत नाही. चांगल्या काँक्रीटमधली सळई पन्नास वर्षांनी फोडून पाहिली तरी काळीभोर निघते, ती याच कवचामुळे. मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की हे कवच जागोजाग फाटते. शंभर किलो सिमेंटमागे अर्धा किलो क्लोराइडही चालत नाही, इतके हे प्रमाण नाजूक आहे. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. जागा मिळत नाही, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. प्रथम सळईच्या रेषेने बारीक तडा जातो, मग तांबूस डाग दिसतो, मग स्लॅबच्या खालचा पोपडा धपकन खाली पडतो. मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला हे वर्णन वाचून दाखवावे लागणार नाही.

म्हणजे सळई आणि मीठ यांच्यामध्ये उभा असलेला पहारेकरी एकच: सळईवरचे काँक्रीटचे आवरण. कामावर त्याला आपण ‘कव्हर’ म्हणतो. ते किती जाड आहे आणि किती घट्ट आहे, यावर घराचे आयुष्य ठरते. जाडी ही मोजपट्टीने मोजता येते. घट्टपणा मोजपट्टीने कळत नाही. तो येतो पाण्याने.

सिमेंट वाळून घट्ट होते, हा समज मजुरांतच नव्हे तर घरमालकांतही सर्वत्र आहे. वस्तुतः सिमेंट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होते. पाण्याशी त्याची जी रासायनिक क्रिया चालते, ती पहिल्या तासात सुरू होते आणि कित्येक आठवडे चालू राहते. पण पहिले सात दिवस तिच्या बाळपणाचे असतात. त्या दिवसांत पाणी तुटले की क्रिया थांबते आणि आत बारीक बारीक नळ्यांचे जाळे उघडेच राहते. थराच्या पोटात पाणी टिकून राहते. उडून जाते ते वरच्या कातडीतले. आणि ही वरची कातडी म्हणजेच सळईचा पहारेकरी! वाळवंटातले ऊन आणि वारा नेमके त्यालाच उपाशी मारतात.

आखातात उन्हाळ्यात सावलीतले तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. ताज्या काँक्रीटच्या एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे एक किलो पाणी उडू लागले की अंगावर भेगा पडण्याचा धोका सुरू होतो, असे या शास्त्रातले ढोबळ माप आहे. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. रात्री उलटा प्रकार होतो. किनाऱ्यावर दमट हवा येते, दव पडते आणि ते दव हवेतले मीठ घेऊन भेगांत शिरते. सकाळी पाणी उडते, मीठ मागे राहते. रोज ओले, रोज सुके. रोज थोडे मीठ जमा. सावकारी व्याजाप्रमाणे हा हिशेब एकाच दिशेने वाढत जातो. पायथ्याशी सबखातले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा भुसभुशीत करून टाकते. तेव्हा वरून वारा आणि खालून जमीन, असा हा दुहेरी वेढा आहे.

या सगळ्यावर त्या काळची परीक्षापद्धती काय होती? आजही आहे तीच: काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, ज्याला कामावर ‘क्यूब’ म्हणतात, तो भरायचा आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचा. पण हा ठोकळा ते २८ दिवस कोठे असतो? प्रयोगशाळेच्या हौदात, गार पाण्याखाली, सावलीत. त्याच मिश्रणाची गच्ची मात्र उन्हात उघडी पडलेली असते. ठोकळा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो आणि घर दहा वर्षांत फुटते. ठोकळ्याने मिश्रणाची ताकद सांगितली, ती खरीच होती. घराच्या कातडीला पाणी मिळाले की नाही, हे मात्र त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि घरे खरोखरच फुटू लागली. १९७३ नंतर तेलाचा भाव चौपट झाला आणि बांधकामाचा लोंढा आला. इंग्लंडहून आलेल्या करारपत्रांत आणि नकाशांत तिकडच्या हवेचीच गृहीते होती. घरातल्या स्लॅबला वीस मिलिमीटर कव्हर, म्हणजे बोटभर, ते पुरेसे मानले गेले. आणि कामावर सळई घसरली की ते बोटही अर्धे होई. १९७५ पासून फूक्स आणि कॉलिस या ब्रिटिश तज्ज्ञांनी मध्यपूर्वेतल्या काँक्रीटवर लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली; १९७७ साली त्यांचे लेखन पुस्तकरूपाने आले. खडी कोठून आणता, ती धुता का, पाणी कोणते, जमीन कोणती, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. १९८४ साली सौदी अरेबियातल्या दहरान येथील विद्यापीठातून रशीदुज्जफर आणि त्यांचे सहकारी यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या इमारतींची पाहणी अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दहा-पंधरा वर्षांच्या इमारतींची भयंकर पडझड तिच्यात मांडलेली होती. त्याच वर्षी लंडनच्या सिरिया या संशोधनसंस्थेने आखातासाठी काँक्रीटकामाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आणि १९८५ साली बहरीनच्या इंजिनियरांच्या संघाने या एकाच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. वाळवंटाला त्याचे स्वतःचे नियम मिळाले. पण तोपर्यंत घरांची एक अख्खी पिढी उभी राहून खचू लागली होती. मालक बहुधा नव्या बंगल्यात राहायला गेले. त्या जुन्या इमारतींत भाड्याने राहू लागले ते परदेशातून आलेले कामकरी.

या इतिहासात एक प्रकरण मोठे बोधप्रद आहे. जमिनीत सल्फेट फार, आणि सल्फेट सिमेंटला खाते. म्हणून आखातात सल्फेटला दाद न देणारे खास सिमेंट सरसकट वापरले जाऊ लागले. नाव भारदस्त, किंमत जास्त, तेव्हा तेच उत्तम अशी समजूत झाली. हे सिमेंट बनवताना त्यातला ॲल्युमिनाचा एक घटक मुद्दाम कमी केलेला असतो, कारण सल्फेट त्याच्यावरच हल्ला करते. पण तोच घटक आत शिरलेल्या क्लोराइडला धरून ठेवतो आणि सळईपर्यंत जाऊ देत नाही! दहरानच्या संशोधकांनी पुढे प्रयोगांनी दाखवले की या खास सिमेंटमध्ये सळई साध्या सिमेंटपेक्षा लवकर गंजते. घरांना पोखरत होते मुख्यतः क्लोराइड आणि बंदोबस्त झाला सल्फेटचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. आता तेथे साध्या सिमेंटमध्ये पोलाद-भट्टीची दळलेली मळी किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळून नळ्यांचे जाळेच बारीक करण्याकडे कल आहे. पण या मिश्रणांनाही पाणी अधिक दिवस लागते. कोठूनही निघालो तरी वाट पाण्यापाशीच येऊन पोहोचते.

आता लेपांविषयी बोलू, कारण घरमालकाला सर्वांत जास्त त्यातच रस असतो. जमिनीखालच्या भागाला डांबराचे जाड पटल सर्व बाजूंनी गुंडाळायचे, ही पहिली युक्ती. सबखाच्या जमिनीत ती अपरिहार्य आहे. गच्चीवर पाणी अडवणारा थर घालून त्याच्या वर उष्णता अडवणारा थर घालायचा, ही दुसरी. यामुळे खालचा थर उन्हात करपत नाही. भिंतींना पांढरा किंवा फिकट रंग, म्हणजे ऊन परतवणे, ही तिसरी आणि सर्वांत स्वस्त. चौथी युक्ती सिलेन नावाच्या द्रवाची. तो काँक्रीटच्या छिद्रांत शिरून त्यांच्या भिंतींना पाणी नकोसे करून सोडतो, पण छिद्र बुजवीत नाही. त्यामुळे पाणी आत जात नाही आणि आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. भिंत खालून ओल ओढत असेल आणि बाहेरून आपण तिचे तोंड घट्ट बंद केले, तर ती ओल लेपालाच फुगवून फोडते.

हे सर्व उपाय खरे आहेत. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यांची मर्यादा ओळखली पाहिजे. मीठ जर मिश्रणातच गेले असेल, तर बाहेरचा लेप त्याला आत कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. कातडी जर पहिल्या आठवड्यात उपाशी राहिली असेल, तर लेप तिला थोडे सांभाळतो, पण तिला पुन्हा जन्म देत नाही. शिवाय प्रत्येक लेप उन्हाने काही वर्षांत म्हातारा होतो आणि पुन्हा द्यावा लागतो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, अशी भिंत कोणत्याही डब्यातल्या औषधाने सुधारत नाही. म्हणून जाणते लोक क्रम असा सांगतात: धुतलेली खडी-वाळू आणि गोडे पाणी, भरपूर कव्हर, जमिनीत गाडलेल्या भागाला तर ७५ मिलिमीटरपर्यंत, कमी पाण्याचे घट्ट मिश्रण, ओतल्याबरोबर सावली आणि वाऱ्याचा आडोसा, मग किमान सात दिवस ओले गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि या सगळ्यानंतर लेप. आज बाजारात जाहिरात होते ती मुख्यतः या यादीतल्या शेवटच्या वस्तूची, कारण तीच डब्यात भरून विकता येते. सात दिवस पाणी मारण्याची जाहिरात कोण करणार? त्यात विकण्यासारखे काही नाही. आहे ती फक्त एका बिगाऱ्याची मेहनत.

येथे आपण माणसापाशी आलो. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने उष्ण हवेतल्या काँक्रीटकामाविषयी शिफारशी प्रथम १९५९ साली दिल्या. पुढे आखातातल्या अनेक करारपत्रांत असे कलम आले की ओततेवेळी काँक्रीटचे तापमान ३२ अंशांच्या वर असता कामा नये. हे साधण्यासाठी खडीच्या ढिगावर छप्पर घातले जाते, पाण्याच्या टाक्यांना सावली केली जाते, मिश्रणात बर्फ टाकला जातो आणि उन्हाळ्यात काम रात्री केले जाते. जगातली सर्वांत उंच इमारत, दुबईची बुर्ज खलिफा, जिच्यात शेकडो राहती घरे आहेत, तिचेही काँक्रीट उन्हाळ्यात बर्फ घालून रात्रीच ओतले गेले. हे योग्यच झाले. काँक्रीटला सावली, गारवा, पाणी आणि विश्रांती लागते, हे शास्त्राने मान्य केले आणि करारात लिहून ठेवले.

त्या काँक्रीटभोवती उभ्या असलेल्या माणसाला हेच चार हक्क केव्हा मिळाले, ते आता पाहू. अमिरातींच्या श्रममंत्रालयाने उन्हाळ्याच्या ऐन दोन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेचार उघड्यावर काम बंद ठेवण्याचा हुकूम काढला तो २००५ साली. आणि दुसऱ्याच वर्षी ती विश्रांती कापून दुपारी तीनपर्यंत आणली. कतारमध्ये असा हुकूम २००७ साली आला. २०२१ साली कतारने तो वाढवला: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद; आणि ऊन, वारा, दमटपणा यांचा मिळून काढलेला उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला, तर कोणत्याही वेळी काम बंद. हे दोन बत्तीस एकाच मापाचे नाहीत. एक काँक्रीटच्या अंगातले तापमान आहे आणि दुसरा माणसाभोवतालच्या हवेचा निर्देशांक आहे. आकड्यांची गल्लत करून टाळ्या घेणे मला पसंत नाही. पण सालांची तुलना करण्यास कोणतीच हरकत नसावी. मार्गदर्शिका १९८४ ची, दुपारच्या सुट्टीचा हुकूम २००५ चा आणि माणसाच्या उष्णतेची आकड्यातली मर्यादा २०२१ ची. काँक्रीटच्या अंगाला केव्हा त्रास होतो हे कळल्यानंतर माणसाच्या अंगाचा विचार व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागली.

त्या वर्षांत तेथे कोण होते? १९७३ नंतर मुंबई हे आखाताला मजूर पाठवण्याचे मोठे ठाणे बनले. रत्नागिरी-रायगडकडची माणसे तर आधीपासूनच जहाजांवर आणि आखातात होती. आता गवंडी, सुतार, सळई बांधणारे आणि बिगारीही निघाले. दलालांच्या फसवणुकीच्या तक्रारी वाढत गेल्या आणि अखेरीस १९२२ चा ब्रिटिशकालीन कायदा बाजूला सारून भारत सरकारने १९८३ साली नवा परदेशगमन कायदा केला. परत आलेली माणसे आमच्या युनियनच्या कचेरीत येतात, बसतात, बोलतात. गोणपाट ओले ठेवण्याचे काम त्यांतल्या कित्येकांनी केले आहे. स्लॅब सुकला तर बोलणी खावी लागत, पण प्यायचे पाणी संपले तर दाद कोणाकडे मागायची हे ठाऊक नसे, असे ते सांगतात. संघटना करण्याचा अधिकार त्या मुलखांत फार थोड्या ठिकाणी होता. बहरीनने २००२ साली कामगार संघटनांचा कायदा केला, ही त्या किनाऱ्यावरची मोठी घटना म्हटली पाहिजे.

कोणी विचारील, हा कामगारांच्या हक्कांचा भाग झाला; घराच्या टिकाऊपणाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो माझ्या मते अगदी सरळ आहे. पाणी मारणे हे बांधकामातले सर्वांत कमी मजुरीचे काम. ते सर्वांत नव्या, सर्वांत अनोळखी माणसाकडे जाते. पोटठेकेदाराला पैसे मिळतात ते स्लॅब ओतल्याचे. तो सात दिवस ओला ठेवल्याचे नव्हे. टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या मजल्यावर जाते. मागे एक माणूस राहतो, त्याच्याकडे नळी असते, पण नळीला पाणी असतेच असे नाही. दुपारी दोन वाजता गोणपाट वाळले, हे त्याला दिसते. पण ते सांगितले तर काम थांबेल आणि काम थांबले तर आपण घरी जाऊ, हेही त्याला दिसते. ज्याला निर्भयपणे ‘थांबा’ म्हणता येत नाही, त्याच्या हातून सात दिवसांचे पाणी पुरे होत नाही. इंजिनियराच्या कागदावर सही होते, ठोकळा उत्तीर्ण होतो आणि भिंत मात्र सत्य तेवढे लक्षात ठेवते. पुढे पंधरा वर्षांनी सळई फुगते, तेव्हा दोष वाळवंटाला दिला जातो. नाचता येईना अंगण वाकडे! वाळवंट तर सारूजच्या हौदांच्या वेळीही होतेच.

आपण आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. मुंबई वाळवंटात नाही. पण खारा वारा तिलाही आहे. ठाण्याच्या खाडीवरचा १९७३ चा पूल गंजाने इतका जर्जर झाला की १९९७ साली शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. विदर्भात उन्हाळ्याचे तापमान आखाताच्या बरोबरीला जाते. उष्ण हवेतल्या काँक्रीटकामासाठी आपली भारतीय मानक संहिता १९७५ चीच आहे. हवा ४० अंशांच्या वर असेल तेव्हा काय काय दक्षता घ्यावी, हे तिच्यात दिलेले आहे. कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस पाणी मारावे, असे आपली काँक्रीटची मुख्य संहिता सांगते. नियमांची उणीव नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या एखाद्या बांधकामावर दुपारी जाऊन, तो दहा दिवसांचा हिशेब कोण ठेवतो आणि त्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आहे की नाही, एवढेच पाहावे.

आखाताचा हा सत्तर वर्षांचा इतिहास मला असे सांगतो की घराचे रक्षण दुकानातल्या डब्यापासून सुरू होत नाही. ते सुरू होते पहिल्या सात दिवसांत, ओल्या गोणपाटापाशी. ज्यांना नवे घर बांधायचे आहे त्यांनी लेपाची चौकशी अवश्य करावी. पण त्याआधी ठेकेदाराला दोन प्रश्न विचारावेत. स्लॅबला पाणी मारण्यासाठी कोण माणूस ठेवला आहे? आणि त्या माणसाला दुपारी पाणी आणि सावली कोठे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून घ्यावे, आणि दुसऱ्याचेही तेथेच, त्याच्या खालच्या ओळीत.